चेरी श्रिम्प अंडी धरतात, पण पिल्ले टिकत नाहीत

ओंजळ

सर्वांना नमस्कार. गोड्या पाण्यातल्या लाल चेरी श्रिम्प पाळायला लागून मला पाच महिने झाले. टाकी ४० लिटरची आहे, तिच्यात एकही मासा नाही, आणि सुरुवातीला आणलेल्या बारा कोळंब्यांपैकी अकरा आजही ठणठणीत आहेत. कोळंब्या प्रजननाला तयार होत नाहीत, अशी माझी तक्रार नाही. दुसऱ्याच महिन्यात माद्यांच्या मानेमागे पिवळसर खोगीर दिसू लागले, मग पोटाखाली अंडी आली, आणि तेव्हापासून निरनिराळ्या माद्यांनी मिळून सहा वेळा अंडी धरली. दर वेळी तीन-साडेतीन आठवड्यांनी मादीचे पोट रिकामे होते आणि टाकीत पिल्लू मात्र दिसत नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी समोरच्या काचेवर एक पिल्लू दिसले होते. ते तिळाहून लहान आणि जवळजवळ पारदर्शक होते, पण मिशा, पाय, शेपटीचा पंखा, सगळे मोठ्या कोळंबीसारखेच होते. मी अर्धा तास त्याच्यासमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ते कुठेच नव्हते.

पाण्याचे आकडे असे आहेत: तापमान २५ अंश, पीएच ७.४, जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) ७, केएच (कार्बोनेट कठीणपणा) ४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएम. टाकी सुरू करून सहा आठवडे झाल्यावरच कोळंब्या सोडल्या होत्या. दर रविवारी मी ४० टक्के पाणी बदलते, चारही काचा आतून पुसते आणि मॉस (शेवाळासारखी दाट जलवनस्पती) बाहेर काढून वाहत्या पाण्याखाली धुते, त्यामुळे अस्वच्छतेचा प्रश्न नसावा. नेमके काय चुकते आहे, हे कोणी सांगू शकेल का?

काठावरचा

फिल्टर कोणता आहे, हे आपण लिहिलेले नाही. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर स्पंज बसवलेला आहे का?

शंखशिंपले

ओंजळ, आकडे पाहता पाणी उत्तम आहे. चेरी श्रिम्प ज्यांत येतात त्या निओकॅरिडिना जातीच्या कोळंब्यांना पीएच ६.५ ते ८, जीएच ६ ते ८ आणि तापमान २० ते २६ अंश असले की त्या मनापासून नांदतात. मात्र उत्तर शोधण्याआधी एक गोष्ट वेगळी करावी लागेल. पोट रिकामे झाले म्हणजे अंडी फुटलीच, असे नसते. मादीने अंडी टाकून दिलेली असू शकतात, आणि या दोन प्रकारांची कारणे अगदी निराळी असतात.

मानेमागचे खोगीर म्हणजे मादीच्या अंडाशयात तयार होत असलेली अंडी. ती पक्व झाल्यावर मादी कात टाकते आणि त्याच वेळी पाण्यात गंधद्रव्य सोडते. मग टाकीतले सगळे नर वेड लागल्यासारखे वरखाली पोहू लागतात. हे दृश्य पहिल्यांदा पाहणारा माणूस पाण्यात विष गेले की काय म्हणून घाबरतो, पण काही तासांत सारे शांत होते. मीलनानंतर मादी अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांमध्ये उतरवून घेते. साधारण २० ते ३० अंडी असतात, मोठी मादी त्याहून अधिकही धरते. पुढचे तीन ते चार आठवडे ती ते पाय सतत हलवून अंड्यांना ताजे पाणी देत राहते, मधूनच पायाने एखादे अंडे उलटेपालटे करते. शेवटच्या आठवड्यात भिंगातून पाहिले, तर प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात. ते पिल्लाचे डोळे. आपल्याला हे डोळे कधी दिसले आहेत का? दिसले असतील, तर अंडी फुटण्यापर्यंत सारे ठीक चालले आहे आणि अडचण त्यानंतरची आहे.

ओंजळ

शंखशिंपले ताई, इतक्या सविस्तर उत्तरासाठी आभारी आहे. होय, डोळे दिसले आहेत. मागच्या दोन्ही वेळा मी मुद्दाम भिंग लावून पाहिले होते आणि पोट रिकामे होण्याच्या दोन-तीन दिवस आधी ठिपके अगदी स्पष्ट होते. म्हणजे पिल्ले बाहेर येत असणार.

काठावरचा, फिल्टर टाकीच्या मागच्या काचेवर बाहेरून टांगायचा आहे. नळीच्या टोकाला उभ्या फटी असलेली प्लॅस्टिकची जाळी आहे, स्पंज नाही.

काठावरचा

मग आज रात्रीच फिल्टर बंद करून त्याचा कप्पा एका पांढऱ्या भांड्यात अलगद रिकामा करावा. नवजात पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटरचे असते आणि त्या फटी त्याच्यासाठी उघडे दार आहेत. कप्प्यातला कापूस किंवा कोळशाची पिशवी नळाखाली धुऊ नका, भांड्यातल्या पाण्यातच हलकेच हलवा.

दगडफूल

फिल्टर हे एक कारण असेल, पण मला त्याहून मोठे कारण ओंजळ यांच्या रविवारच्या कामात दिसते. त्यांनी ते अतिशय प्रेमाने केले आहे, म्हणूनच थोडे सविस्तर लिहितो.

टाकीतल्या काचेवर, लाकडावर, मॉसच्या प्रत्येक काडीवर जो बुळबुळीत थर बसतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्यात जीवाणू असतात, सूक्ष्म शेवाळ असते, एकपेशीय जीव असतात. आपल्या डोळ्यांना तो मळ वाटतो, पण नवजात पिल्लाचे संपूर्ण अन्न त्यातच असते. मोठी कोळंबी टाकीच्या एका टोकाला टाकलेला चाऱ्याचा दाणा वासावर शोधत जाते. पिल्लू तसे करत नाही. पहिले काही दिवस ते जिथे जन्मले तिथल्या वीतभर जागेत बसून, समोर जे मिळेल ते खुरडत राहते. त्या वीतभर जागेत काहीच नसेल, तर शेजारी चाऱ्याचा ढीग असूनही ते उपाशी मरते. मॉस दर आठवड्याला धुणे म्हणजे पिल्लांचे ताट दर आठवड्याला रिकामे करणे आहे, आणि त्या धुण्यात स्वतः पिल्लेही वाहून जात असणार, कारण दिवसाउजेडी ती मॉसमध्येच दडलेली असतात.

समोरची एक काच पाहण्यासाठी पुसावी. बाकीच्या तीन काचांना हात लावू नये. मॉस कधीही टाकीबाहेर काढू नये.

अनघड

दगडफूल यांच्या म्हणण्याचा आदर करूनही एक सांगावेसे वाटते, की हल्ली पाणी बदलण्याबद्दल विनाकारण भीती पसरली आहे. मी दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलतो, गेली तीन वर्षे बदलतो आहे, आणि माझ्या टाकीत आज कोळंब्या मोजता येत नाहीत इतक्या आहेत. नायट्रेट आणि विरघळलेली घाण साचू देण्यापेक्षा पाणी बदललेले केव्हाही बरे.

दगडफूल

अनघड, आपला अनुभव मी नाकारत नाही. आपण बदलून घालता ते पाणी कसे असते, म्हणजे त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) आणि तापमान टाकीतल्या पाण्याशी जुळवून घेता का, आणि ते ओतता कसे?

अनघड

होय. आरओच्या पाण्यात क्षार मिसळून मी टीडीएस २०० वर आणतो, टाकीतही तो २०० ते २१० असतो, आणि बारीक नळीने तासाभरात हळूहळू सोडतो. हे मी आधीच लिहायला हवे होते, कारण फरक खरोखर तिथेच पडत असावा.

शंखशिंपले

तिथेच पडतो. पाणी किती टक्के बदलले यापेक्षा आधीचे आणि नवे पाणी यांत अंतर किती, हे कोळंबीला अधिक जाणवते. तिचे शरीर कवचात बंद आहे आणि कवच बदलण्यासाठी तिला पाण्यातून क्षार आत घ्यावे लागतात. पाण्याचा क्षारांक एकाएकी बदलला, की तयारी पुरी होण्याआधीच ती कात टाकू लागते. मग डोके आणि धड यांच्यामध्ये पांढरी कडी दिसते, जुने कवच पूर्ण सुटत नाही आणि कोळंबी त्यातच अडकून मरते. अंडी धरलेल्या मादीने अशी अवेळी कात टाकली, तर अंडी जुन्या कवचालाच चिकटून मागे राहतात. एखाद्या सकाळी तळाशी रिकामी कात आणि तिच्या पोटाशी पिवळ्या अंड्यांचा घोस दिसला, तर समजावे की आदल्या दिवशी पाण्यात काहीतरी बदलले होते.

नेहमीची रिकामी कात मात्र उचलून टाकू नये. कोळंब्या ती खातात आणि तिच्यातले क्षार पुन्हा वापरतात.

ओंजळ, आपल्याकडे आरओ नसेल तरी हरकत नाही. क्लोरीन घालवलेले, एक दिवस खोलीत ठेवून टाकीच्या तापमानाला आलेले पाणी आठवड्याला दहा टक्के बदलले तरी पुरते. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरताना शक्य तर आरओचेच घालावे, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टाकीत साचत राहतात.

मृद्गंध

या धाग्याशी जोडून एक प्रश्न विचारते, विषय तोच आहे. माझ्याकडे आमानो श्रिम्प आहेत. मादी दर महिन्याला अंडी धरते, शेकडो अंडी असतात, आणि फुटल्यावर पिल्ले मुळीच राहत नाहीत. माझ्या फिल्टरला स्पंज आहे आणि टाकी जुनी, शेवाळाने भरलेली आहे. मग माझ्याकडे काय अडत असेल?

निळासावळा

मृद्गंध, आपल्याकडे काहीही चुकत नाही, ती जातच वेगळी आहे. चेरी श्रिम्पचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेच आईची छोटी प्रतिकृती होऊन येते. आमानो श्रिम्पच्या अंड्यातून अळी बाहेर पडते, आणि ती अळी गोड्या पाण्यात काही दिवसांपलीकडे जगत नाही. जपान आणि तैवानमधल्या ओढ्यांत या कोळंब्या राहतात, अळ्या प्रवाहाबरोबर समुद्रात जातात, तिथे वाढतात आणि लहान कोळंबी झाल्यावर पुन्हा गोड्या पाण्याकडे चढून येतात. २००६ पर्यंत तिला कॅरिडिना जॅपोनिका म्हणत, आता कॅरिडिना मल्टिडेंटाटा म्हणतात. जपानी जलउद्यानकार ताकाशी आमानो यांनी शेवाळ खाण्यासाठी तिचा वापर रूढ केला, म्हणून हे नाव पडले.

मी दोनदा प्रयत्न करून दुसऱ्यांदा यश मिळवले, ते थोडक्यात सांगतो. अंडी फुटण्याच्या बेतात आली की मादीला वेगळ्या, गोड्या पाण्याच्या भांड्यात ठेवावे. अळ्या बाहेर आल्यावर मादी परत मूळ टाकीत न्यावी. अंधारात भांड्याच्या एका कोपऱ्यावर विजेरी धरली, की सगळ्या अळ्या उजेडाकडे जमतात, डोके खाली आणि शेपटी वर अशा लटकलेल्या. तिथून त्या पिचकारीने उचलून समुद्री क्षार घातलेल्या, दर लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास क्षार असलेल्या पाण्यात सोडाव्यात. या पाण्यात आधीच हिरवे सूक्ष्म शेवाळ वाढवून ठेवलेले असावे, कारण त्यांचे अन्न तेच. महिना ते दीड महिना त्या तशाच तरंगत राहतात, आणि एके दिवशी एखादी तळाशी उतरून चालताना दिसते. तेव्हा तिला हळूहळू गोड्या पाण्याची सवय करावी लागते. पहिल्या वेळी मी क्षार फार कमी घातले होते आणि आठवड्याभरात सगळ्या अळ्या गेल्या. दुसऱ्या वेळी शंभराच्या वर अळ्यांपैकी नऊ कोळंब्या झाल्या, आणि त्या नवातली प्रत्येक मला आजही ओळखू येते.

मृद्गंध

निळासावळा, मनापासून धन्यवाद. इतके महिने मी स्वतःला दोष देत होते.

सांजवेळ

मूळ प्रश्नाकडे येते. अंडी धरलेल्या मादीला जाळीच्या पेटीत वेगळे ठेवले, तर पिल्ले वाचवणे सोपे होणार नाही का? गप्पी माशांसाठी मी तसेच करते.

काठावरचा

कोळंबीच्या बाबतीत हे करू नये, असे माझे ठाम मत आहे. गप्पी स्वतःची पिल्ले खातो, म्हणून पेटीची गरज भासते. निरोगी चेरी श्रिम्प आपल्या जिवंत पिल्लांच्या वाट्याला जात नाही. मादीला जाळीने पकडताना तिची जी धडपड होते, तिच्यातच अंडी गळण्याची भीती असते, आणि पेटीत पाण्याचा प्रवाहही पुरेसा खेळत नाही. मादी मूळ टाकीत, ओळखीच्या मॉसमध्ये राहिलेलीच बरी.

सांजवेळ

मग टाकीत काही छोटे मासे असले तर? फक्त शेवाळ खाणारे?

काठावरचा

ओटोसिंक्लस या शेवाळ खाणाऱ्या माशावर मी विश्वास ठेवतो. बाकी ज्याच्या तोंडात पिल्लू मावते तो मासा ते खातो, मग दुकानदार त्याला कितीही गरीब म्हणो. दाट मॉस असेल तर माशांबरोबरही काही पिल्ले वाचतात, पण वसाहत वाढवायची असेल तर कोळंब्यांना त्यांची स्वतंत्र टाकी द्यावी.

चतुर

नव्या मंडळींसाठी एक इशारा इथे नोंदवून ठेवतो, कारण ही किंमत मी मोजली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या टाकीत ऐंशीच्या वर कोळंब्या होत्या आणि त्यांत पाच माद्या अंडी धरलेल्या होत्या. मी एक सुंदर पानवनस्पती विकत आणली, साध्या पाण्याने खळबळून लावली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोळंब्या तळावर आडव्या होऊन पाय झाडू लागल्या. तिसऱ्या दिवशी चार उरल्या होत्या. रोपवाटिकेत त्या वनस्पतीवर गोगलगायींसाठी आणि किडीसाठी औषध मारलेले होते. ज्या मात्रेला मासा दाद देत नाही, त्याच्या कितीतरी कमी मात्रेत कोळंबी मरते, कारण किडीची औषधे संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या, प्राण्यांसाठीच बनवलेली असतात आणि कोळंबी संधिपादच आहे.

तेव्हापासून नवी वनस्पती मी दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवतो आणि बादलीचे पाणी वारंवार बदलतो. खोलीत डासांसाठी फवारा मारत नाही. माशांच्या औषधाच्या बाटलीवर तांबे लिहिलेले असेल, तर ती बाटली कोळंबीच्या टाकीजवळही आणत नाही. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्यासाठी तांबे असतेच, हिमोसायनिन या रूपात, पण पाण्यात सुटे आलेले थोडेसे तांबेही तिला घातक ठरते.

अनघड

चतुर, हे वाचून वाईट वाटले. उरलेल्या चौघांचे पुढे काय झाले?

चतुर

त्यात दोन माद्या होत्या. सव्वा वर्षात टाकी पुन्हा भरली.

ओंजळ

काठावरचा यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री फिल्टर उघडला. कप्प्यातले पाणी पांढऱ्या भांड्यात ओतून वर विजेरी धरली आणि सुरुवातीला फक्त तपकिरी गाळच दिसला. मग त्या गाळाचा एक कण बाजूला सरकला. नीट पाहिल्यावर तो कण नव्हता, पाय होते त्याला. चमचा चमचा पाणी वेगळे करत मी रात्री एक वाजेपर्यंत चौदा पिल्ले काढली. चौदाही जिवंत! दोन तर जवळजवळ सेंटिमीटरभर वाढलेली होती आणि त्यांच्या पाठीवर लाल ठिपके उमटू लागले होते. म्हणजे कित्येक आठवडे ती त्या अंधाऱ्या कप्प्यात राहत होती आणि मी बाहेर रिकामी टाकी पाहत होते.

दगडफूल, आपले म्हणणेही मला यातूनच पटले. टाकीतल्या सर्वांत घाणेरड्या जागी, जी मी कधी धुतली नव्हती, तिथे ती वाढली. मी ज्या जागा लखलखीत ठेवल्या, तिथे एकही वाढले नाही.

आता नळीच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज बसवला आहे. पुढच्या महिन्यात तो फिल्टर काढून हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावणार आहे.

दगडफूल

वाचून फार आनंद झाला. स्पंज फिल्टरच सर्वांत योग्य, कारण त्याच्या अंगावरही बायोफिल्म बसते आणि पिल्ले दिवसभर तिथे चरत राहतात. तो पिळायचा झाला, तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू टिकतात, आणि पिळलेले पाणी फेकण्याआधी त्यातही पिल्ले पाहावीत.

आणखी एक करावे. बदामाच्या झाडाचे, ज्याला टर्मिनालिया कटापा म्हणतात, वाळून गळलेले तपकिरी पान मिळाले तर ते स्वच्छ धुऊन, उकळत्या पाण्यात बुडवून टाकीत सोडावे. पहिले काही दिवस ते नुसते पडून राहते. मग त्यावर पांढुरका थर धरतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याचा मऊ भाग खाल्ला जाऊन शिरांची जाळी तेवढी उरते. त्या जाळीखाली पिल्लांची जशी गर्दी होते, तशी महागड्या चाऱ्याभोवतीही होत नाही.

निळासावळा

पिल्लांच्या नादात चारा वाढवू नये, एवढेच सांगतो. बारीक पूड असलेला चारा चिमटीच्या टोकावर मावेल इतकाच, एक दिवसाआड द्यावा. मोठ्यांसाठी टाकलेला दाणा दोन-तीन तासांत संपला नाही, तर उरलेला काढून टाकावा.

ओंजळ

निळासावळा, आपला सल्ला वाचायला मला पाच दिवस उशीर झाला. मी रोज पूड घालत होते आणि आज समोरच्या काचेवर पांढऱ्या, केसासारख्या बारीक अळ्या सरपटताना दिसल्या. त्या पिल्लांना खातात का?

शंखशिंपले

डोक्याचा आकार पाहावा. डोके बाणाच्या टोकासारखे त्रिकोणी असेल आणि ती काचेवर सरकत जात असेल, तर ती प्लॅनेरिया आहे, आणि ती नवजात पिल्लांना व कात टाकून मऊ झालेल्या कोळंबीला धोकादायक ठरते. डोके वेगळे दिसत नसेल आणि ती पाण्यात वळवळत पोहत असेल, तर तो निरुपद्रवी कृमी आहे, तो उरलेल्या चाऱ्यावर जगतो आणि चारा कमी झाला की आपोआप कमी होतो. भिंग आपल्याकडे आहेच. पाहिल्याशिवाय कोणतेही औषध घालू नका. प्लॅनेरियासाठी फेनबेंडाझोल हे जंतनाशक चालते आणि योग्य मात्रेत कोळंबी ते सहन करते, पण टाकीत नेराइट जातीच्या गोगलगायी असतील तर त्या मरतात.

ओंजळ

पाहिले. डोके त्रिकोणी नाही, आणि पोहतानाही दिसल्या. चारा थांबवते.

अनघड

ओंजळ, आपल्या टाकीचे तापमान २५ आहे, ते जमल्यास २२-२३ वर आणून पाहावे, असे सुचवतो. ऊब वाढली की अंडी लवकर फुटतात, पिल्ले लवकर वाढतात, म्हणून पुष्कळ जण तापमान चढे ठेवतात. पण उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, कोळंबीचे आयुष्य घटते, आणि अशा पाण्यात वाढलेल्या पिल्लांत नरांचे प्रमाण वाढते, असे प्रयोगांतही दिसले आहे. मुळात चेरी श्रिम्पचे आयुष्य जेमतेम दीड-दोन वर्षांचे, ते घाईत का संपवावे?

सांजवेळ

ओंजळची टाकी भरली की तिने त्यात निळ्या आणि पिवळ्या कोळंब्याही सोडाव्यात, किती सुंदर दिसेल!

काठावरचा

सांजवेळ, काही महिने सुंदर दिसेल. लाल, निळी, पिवळी या सगळ्या एकाच निओकॅरिडिना डेव्हिडी या प्रजातीच्या निवडून जोपासलेल्या छटा आहेत आणि त्या आपसांत सहज मिसळतात. दोन-तीन पिढ्यांत पिल्ले रानातल्या मूळ रंगाकडे, म्हणजे मातकट, पारदर्शक तपकिरीकडे वळतात. दोन रंग हवेच असतील, तर लाल चेरीबरोबर कॅरिडिना वंशातली, क्रिस्टल रेड गटातली कोळंबी ठेवता येते, त्यांचा संकर सहसा होत नाही. मात्र तिला आम्लधर्मी, जवळजवळ शून्य केएचचे पाणी लागते, आणि दोघींना मानवणारे मधले पाणी शोधताना दोघींचेही प्रजनन मंदावते. एका टाकीत एकच रंग ठेवावा.

ओंजळ

अडीच महिन्यांनी लिहिते आहे, कारण काही निश्चित सांगण्याजोगे झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

स्पंज फिल्टर लावून दोन महिने झाले. मागची आणि बाजूची काच हिरवी झाली आहे आणि मी तिला हात लावलेला नाही. पाणी आठवड्याला दहा टक्के बदलते, तापमान २३ अंश आहे, आणि बदामाचे दुसरे पान जाळी होऊन संपत आले आहे. मध्ये तीन माद्यांची अंडी फुटली. फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच दिसले नाही, आणि मी पुन्हा निराश होणार होते, पण मॉसला हात लावला नाही. आठव्या-नवव्या दिवशी संध्याकाळी दिवा मालवल्यावर विजेरी धरली, तर मॉसच्या फांद्यांवर, स्पंजवर, पानाखाली, जिकडे उजेड फिरवावा तिकडे ती होती. काल मोजायचा प्रयत्न केला. त्रेसष्टपर्यंत आले आणि मग ती हलू लागली.

फिल्टरमधून काढलेल्या चौदांपैकी तेरा आहेत. त्यांतली जी सर्वांत मोठी होती, तिच्या मानेमागे आज सकाळी पिवळी रेघ दिसली.

शंखशिंपले

ते खोगीरच असणार, वय बरोबर जुळते. ओंजळ, नव्या मादीची पहिली अंडी पुष्कळदा गळतात, काही तर धरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. तसे झाले तर पाण्यात काहीही बदलू नका. पुढच्या खेपेला ती धरेल.